माजघरातला फोल्डर पडवीत आणि शेडमध्ये: घरच्या संगणकांसाठी एनएफएस

देवगड-विजयदुर्गापासून पावसपर्यंत आंब्याचा धंदा करणाऱ्या बऱ्याच घरांत आता एकाच संगणकावर भागत नाही. हिशेब माजघरातल्या जुन्या डेस्कटॉपवर असतो, गिऱ्हाइकांची यादी सुनेच्या लॅपटॉपवर आणि पेटीवर चिकटवायची लेबलं पॅकिंग शेडमधल्या तिसऱ्या यंत्रावर. मार्च उजाडला की तिघांमधून पेनड्राइव्ह फिरायला लागतो. एप्रिलपर्यंत ‘यादी’, ‘यादी नवीन’ आणि ‘यादी नवीन शेवटची’ अशा फाइली वेगवेगळ्या ठिकाणी तयार होतात, आणि दादरची पेटी डोंबिवलीला जाते.

यावर साधा उपाय म्हणजे फोल्डर एकाच यंत्रावर ठेवायचा आणि बाकीच्यांनी तो नेटवर्कवरून आपलाच असल्यासारखा वापरायचा. लिनक्सवर हे काम एनएफएस, म्हणजे नेटवर्क फाइल सिस्टिम करते. तिला इंटरनेट लागत नाही. घरातला राउटर चालू असला की पुरे. पावसाळ्यात कुठेतरी झाड पडून फायबर तुटली तरी तुमची यादी जागेवरच असते, आणि माझ्या मते कोकणात क्लाउडऐवजी याचा विचार करण्याचं हेच सगळ्यात मोठं कारण आहे.

खालची सगळी कृती उबुंटू, लिनक्स मिंट किंवा डेबियन चालवणाऱ्यांसाठी आहे. आज्ञा देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, त्या इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत टाइप करायच्या. अक्षरं लहान लिपीतलीच वापरायची, मोठं अक्षर कुठेच लागत नाही. रेघ, तिरकी रेघ, कंस, स्वल्पविराम आणि मोकळी जागा मात्र दिसतात तशीच ठेवायची. मोकळ्या जागेबद्दल पुढे वेगळं बोलूच.

उदाहरणात तीन यंत्रं आहेत. ‘माजघर’ हा सर्व्हर, म्हणजे फोल्डर प्रत्यक्ष ज्याच्या डिस्कवर आहे तो; त्याचा पत्ता १९२.१६८.१.१०. ‘पडवी’ हा लॅपटॉप, १९२.१६८.१.२१. ‘शेड’ हे तिसरं यंत्र, १९२.१६८.१.२२.

आधी वायर आणि पत्ते

जांभ्या चिऱ्याच्या जाड भिंतीतून वाय-फाय नीट जात नाही, हे कोकणात कुणाला सांगायला नको. मोबाइलवर व्हिडिओ बघताना ते चालून जातं. एनएफएसला मात्र तुटक-तुटक वाय-फायचा फार त्रास होतो, कारण फाइल उघडी असतानाच जोडणी जाते. निदान सर्व्हर तरी राउटरला केबलनेच जोडा. पडवीत लॅपटॉप वाय-फायवर चालेल. शेड अंगणापलीकडे असेल तर तिथवर कॅट-सिक्स केबल ओढता येते. तांब्याच्या केबलची एका तुकड्याची मर्यादा १०० मीटर. पण दोन वेगळ्या इमारतींमध्ये उघड्यावरून तांब्याची तार नेली की परतीच्या पावसातल्या विजांना वाट मिळते आणि एका कडाक्यात दोन्हीकडची यंत्रं जातात. तेवढ्या तुकड्यासाठी ऑप्टिकल फायबर आणि दोन टोकांना दोन मीडिया कन्व्हर्टर लावले तर खर्च थोडा वाढतो, पण रात्री झोप लागते.

पत्ते पक्के करणं हे दुसरं काम. राउटर प्रत्येक यंत्राला वाटेल तो पत्ता देतो आणि वीज जाऊन आली की तो बदलूही शकतो. राउटरच्या सेटिंगमध्ये डीएचसीपी रिझर्व्हेशन किंवा अ‍ॅड्रेस रिझर्व्हेशन असा भाग असतो, तिथे तिन्ही यंत्रांचे पत्ते बांधून टाका. आपला सध्याचा पत्ता बघायला

आयपी ए

ही आज्ञा, आणि पडवीवरून माजघर दिसतं का ते बघायला

पिंग १९२.१६८.१.१०

उत्तरं येत राहिली की कंट्रोल आणि सी दाबून थांबवा. इथे उत्तर येत नसेल तर पुढे जाऊ नका. पुढचं सगळं याच पायावर उभं आहे.

सगळ्यात महत्त्वाचं: माणसं नव्हे, क्रमांक

एनएफएस लावताना दहातले आठ जण जिथे अडतात ती जागा ही, म्हणून इथे जरा थांबू.

लिनक्समध्ये प्रत्येक वापरकर्त्याचं नाव असतं तसा एक क्रमांकही असतो. फाइल कोणाची हे डिस्कवर नावाने लिहिलेलं नसतं, क्रमांकाने लिहिलेलं असतं. एनएफएसच्या साध्या पद्धतीत क्लायंट, म्हणजे फोल्डर वापरणारं यंत्र, सर्व्हरला एवढंच सांगतो, ‘मी क्रमांक १०००, मला ही फाइल उघडून दे.’ सर्व्हर पासवर्ड विचारत नाही. एसटीचा कंडक्टर पासावरचा नंबर बघतो आणि तोंडाकडे न बघता पुढे जातो, तसंच हे. सन मायक्रोसिस्टिम्सने १९८४ मध्ये एनएफएस बनवली तेव्हा नेटवर्कवरची यंत्रं एकाच कचेरीतली असत आणि ती सांभाळणारी माणसंही ठरलेली असत, त्यामुळे या विश्वासावर काम भागत होतं. पुढे तिसरी आवृत्ती १९९५ मध्ये आली, चौथी २००० मध्ये. चौथीत केरबेरॉस वापरून खरी ओळखपाळख करता येते, पण घरगुती मांडणीत ते कोणी लावत नाही. तुम्हीही लावू नका. फक्त हा विश्वास कशावर उभा आहे ते लक्षात ठेवा.

आता गंमत बघा. उबुंटू किंवा मिंट टाकताना जो पहिला वापरकर्ता तयार होतो त्याला १००० हा क्रमांक मिळतो. माजघरात पहिला वापरकर्ता बाबा, पडवीत पहिली वापरकर्ती वहिनी. म्हणजे सर्व्हरच्या दृष्टीने वहिनी म्हणजेच बाबा! शेडमध्ये पहिलं खातं दुरुस्तीवाल्याने स्वतःच्या नावाने काढलं होतं आणि मॅनेजरचं दुसरं, म्हणून मॅनेजर १००१. वहिनींना सगळं उघडतं, मॅनेजरला वाचता येतं पण साठवता येत नाही, आणि घरात चर्चा सुरू होते की शेडचा संगणक बिघडला.

हे ओळखायची युक्ती सोपी आहे. प्रत्येक यंत्रावर नुसतं

आयडी

एवढं टाइप करा. यूआयडी म्हणून दिसतो तो तुमचा क्रमांक. फाइली कोणाच्या आहेत ते बघायला

एलएस -एलएन

ही आज्ञा द्या. शेवटचा एन महत्त्वाचा, तो नावांऐवजी क्रमांक दाखवतो. ओळ साधारण अशी दिसते:

-आरडब्ल्यू-आर--आर-- १ १००० १००० ४८२० यादी.ओडीएस

सुरुवातीची अक्षरं सांगतात की मालकाला वाचता-लिहिता येतं, बाकीच्यांना नुसतं वाचता येतं. पुढचे १००० आणि १००० म्हणजे मालक आणि गट. शेडचा मॅनेजर १००१ असेल तर त्याला ‘परवानगी नाही’ असं का येतं ते या एका ओळीत लिहिलेलं आहे. नावं बघत बसलात तर हे कधीच कळणार नाही.

यातून बाहेर पडायच्या दोन वाटा आहेत. पहिली, सगळ्या यंत्रांवर एका माणसाचा क्रमांक एकच ठेवायचा. नवं खातं काढताना यूजरअ‍ॅड या आज्ञेला -यू १००५ असा क्रमांक देता येतो. जुन्या खात्याचा क्रमांक यूजरमॉड -यू ने बदलतो, पण तेव्हा ते खातं लॉग-इन असता कामा नये, आणि त्याच्या घरच्या फोल्डरबाहेर पडलेल्या फाइलींची मालकी तुम्हालाच हाताने बदलावी लागते. दुसरी वाट, सर्व्हरलाच सांगायचं की कोणीही आला तरी त्याला १००० समज. तीन-चार यंत्रांच्या घरात मी दुसरीच वाट धरायला सांगेन. कोणी काय लिहिलं याची नोंद राहत नाही हे खरं, पण भर सीझनमध्ये क्रमांक जुळवत बसायला वेळ कोणाला आहे? शाळेच्या संगणक कक्षात किंवा पतपेढीत मात्र हे चालणार नाही. तिथे पहिली वाट, किंवा सगळी खाती एका ठिकाणी ठेवणारी एलडीएपीसारखी व्यवस्था.

सर्व्हरवरचं काम

माजघराच्या यंत्रावर टर्मिनल उघडा. आज्ञेआधी ‘सुडो’ लिहिलं की ती रूटच्या, म्हणजे यंत्राच्या सर्वाधिकारी वापरकर्त्याच्या, अधिकाराने चालते.

सुडो ॲप्ट अपडेट
सुडो ॲप्ट इन्स्टॉल एनएफएस-कर्नल-सर्व्हर

मग वाटायचा फोल्डर तयार करा. नाव इंग्रजी अक्षरांत, मधे जागा न सोडता द्या. आतल्या फाइलींना मराठी नावं खुशाल चालतात.

सुडो एमकेडीआयआर -पी /एसआरव्ही/हापूस
सुडो सीएचओडब्ल्यूएन १०००:१००० /एसआरव्ही/हापूस

वाटप कोणाला करायचं ते /इटीसी/एक्सपोर्ट्स या फाइलीत लिहायचं असतं.

सुडो नॅनो /इटीसी/एक्सपोर्ट्स

शेवटी ही ओळ घाला. पडद्यावर मोडली तरी ती एकच ओळ आहे.

/एसआरव्ही/हापूस १९२.१६८.१.२१(आरडब्ल्यू,सिंक,नो_सबट्री_चेक,ऑल_स्क्वॉश,अनॉनयूआयडी=१०००,अनॉनजीआयडी=१०००) १९२.१६८.१.२२(आरडब्ल्यू,सिंक,नो_सबट्री_चेक,ऑल_स्क्वॉश,अनॉनयूआयडी=१०००,अनॉनजीआयडी=१०००)

आरडब्ल्यू म्हणजे वाचणं आणि लिहिणं दोन्ही. शेडमध्ये फक्त लेबलं छापायची असतील तर त्या पत्त्यापुढे आरडब्ल्यूऐवजी आरओ लिहा, म्हणजे तिथून चुकूनही काही पुसलं जाणार नाही. ऑल_स्क्वॉश आणि दोन अनॉन म्हणजे वर सांगितलेली दुसरी वाट. नो_सबट्री_चेक आताशा न लिहिताही तसंच धरलं जातं, पण लिहिलेलं बरं.

सिंक म्हणजे लिहिलेलं डिस्कवर खरोखर उतरल्याशिवाय सर्व्हर ‘झालं’ म्हणत नाही. याच्या उलट असिंक. त्याने काम भराभर होतं आणि इंटरनेटवरचे पुष्कळ सल्ले तेच लावायला सांगतात. तो सल्ला ज्यांच्याकडे वीज जात नाही त्यांच्यासाठी. असिंकमध्ये सर्व्हर ‘झालं’ म्हणून मोकळा होतो, प्रत्यक्षात माल अजून मेमरीत असतो, तेवढ्यात लाइट गेली की संपलं. जून ते ऑक्टोबर आपल्याकडे काय असतं ते तुम्हाला ठाऊक आहे. सिंकच ठेवा.

आता मोकळ्या जागेची गोष्ट. पत्ता आणि कंस यांच्यामध्ये जागा सोडायची नाही. हे नीट बघा:

/एसआरव्ही/हापूस १९२.१६८.१.२१(आरडब्ल्यू)
/एसआरव्ही/हापूस १९२.१६८.१.२१ (आरडब्ल्यू)

पहिल्या ओळीचा अर्थ, पडवीला वाचा-लिहायची मुभा. दुसरीचा अर्थ, पडवीला नुसतं वाचायची मुभा आणि जगातल्या बाकी प्रत्येक यंत्राला वाचा-लिहायची! एका स्पेसने मालक बाहेर आणि चोर आत. फाइल साठवण्याआधी प्रत्येक कंसाच्या आधी कर्सर नेऊन तपासा.

फाइल साठवली की

सुडो एक्सपोर्टएफएस -आरए
सुडो एक्सपोर्टएफएस -व्ही

पहिली आज्ञा नवी यादी लागू करते, दुसरी सध्या कोणाला काय दिलंय ते सविस्तर दाखवते. दुसरीचं उत्तर वाचायचा कंटाळा करू नका. तिथे पत्त्याऐवजी <वर्ल्ड> असा शब्द दिसला तर वरची स्पेस कुठेतरी राहिली आहे.

फायरवॉल चालू असेल तर दार उघडावं लागतं. चौथ्या आवृत्तीला एकच पोर्ट पुरतं, २०४९.

सुडो यूएफडब्ल्यू अलाउ फ्रॉम १९२.१६८.१.०/२४ टू एनी पोर्ट २०४९ प्रोटो टीसीपी

बागायतदारांची बरीच घरं आता होमस्टेही चालवतात, आणि पाहुणे आल्या-आल्या आधी वाय-फायचा पासवर्ड विचारतात. एक्सपोर्ट्समध्ये अख्ख्या घराचा पट्टा म्हणजे १९२.१६८.१.०/२४ लिहिलात तर पुण्याहून आलेल्या पाहुण्याचा लॅपटॉपही तुमच्या यादीत बसतो. म्हणून वर दोन पत्ते सुटे लिहिले आहेत. तेही पुरेसं नाही, कारण पत्ता कोणालाही खोटा लावता येतो. राउटरवर गेस्ट नेटवर्क असतं ते चालू करा आणि पाहुण्यांना, गणपतीला आलेल्या भाचेमंडळींनाही, तिथेच ठेवा.

पडवी आणि शेडवरचं काम

दोन्ही क्लायंटवर सारखंच करायचं आहे.

सुडो ॲप्ट इन्स्टॉल एनएफएस-कॉमन
सुडो एमकेडीआयआर /एमएनटी/हापूस
सुडो सीएचएटीटीआर +आय /एमएनटी/हापूस
सुडो माउंट -टी एनएफएस १९२.१६८.१.१०:/एसआरव्ही/हापूस /एमएनटी/हापूस

तिसरी ओळ बहुतेक मार्गदर्शकांत सापडत नाही. /एमएनटी/हापूस हा लॅपटॉपवरचा रिकामा फोल्डर आहे. माउंट झाल्यावर त्याच्या जागी सर्व्हरचा फोल्डर दिसतो. पण एखाद्या दिवशी माउंट झालंच नाही तर? फोल्डर तर तिथे आहेच. सुडो वापरून चालणारा एखादा बॅकअपचा प्रोग्रॅम निमूटपणे त्या रिकाम्या फोल्डरात, म्हणजे लॅपटॉपच्याच डिस्कवर लिहीत बसतो, आणि दोन दिवसांनी माउंट झालं की त्या फाइली गायब. त्या जात नाहीत, खाली झाकल्या जातात. +आय लावलेल्या फोल्डरात कोणालाच लिहिता येत नाही, त्यामुळे चूक लगेच ओरडून सांगते. ही ओळ माउंट करण्याआधीच द्यायची.

आता तपासू.

डीएफ -एच /एमएनटी/हापूस

इथे सर्व्हरचा पत्ता दिसला पाहिजे. मग पडवीवर एखादी फाइल तयार करा, माजघरावर जाऊन एलएस -एलएन द्या. मालक १००० दिसला की जमलं. ६५५३४ असा भलामोठा आकडा दिसला तर अनॉनयूआयडी लिहिताना काहीतरी चुकलंय. ६५५३४ म्हणजे ‘कोणीच नाही’ असा वापरकर्ता, आणि ऑल_स्क्वॉशला वेगळा क्रमांक दिला नाही की सगळे त्याच्यात जमा होतात.

याच ओघात एक. ऑल_स्क्वॉश न लावताही क्लायंटचा रूट सर्व्हरवर ‘कोणीच नाही’ बनतो, त्याला रूट_स्क्वॉश म्हणतात आणि ते आपोआप चालू असतं. काही अडलं की ‘नो_रूट_स्क्वॉश लावून बघ’ असा सल्ला देणारा एखादा भेटतोच. तो लावला की पडवीवर ज्याच्याकडे सुडो आहे तो माजघराच्या त्या फोल्डरातल्या फाइलींचा पूर्ण मालक होतो. लावू नका.

दर वेळी हाताने माउंट करायला नको असेल तर /इटीसी/एफएसटॅब या फाइलीत शेवटी ही ओळ घाला:

१९२.१६८.१.१०:/एसआरव्ही/हापूस /एमएनटी/हापूस एनएफएस डिफॉल्ट्स,_नेटडेव्ह,नोफेल,एक्स-सिस्टिमडी.ऑटोमाउंट ० ०

शेवटचा पर्याय कामाचा आहे. त्याने संगणक सुरू होताना सर्व्हरची वाट बघत बसत नाही. तुम्ही फोल्डर उघडलात की त्या क्षणी जोडून घेतो. माजघर बंद असताना वहिनींना लॅपटॉपवर दुसरं काही करायचं असेल तर खोळंबा होत नाही. ओळ घातल्यावर यंत्र एकदा बंद करून चालू करा आणि फोल्डर उघडून बघा. आजच बघा, सीझनच्या पहिल्या दिवशी नको.

लाइट गेली की काय होतं

समजा पडवीत यादी उघडी आहे आणि माजघराची वीज गेली. लॅपटॉप बॅटरीवर चालूच आहे. फाइल साठवायला गेलात की खिडकी थिजते, बाण फिरत राहतो. यंत्राच्या नोंदीत ‘नॉट रिस्पॉन्डिंग, स्टिल ट्रायिंग’ अशी ओळ पडते. घाबरून पॉवर बटण दाबू नका. एनएफएसची ठरलेली पद्धत, जिला हार्ड माउंट म्हणतात, हीच आहे: सर्व्हर परत येईपर्यंत क्लायंट विचारत राहतो आणि तो आला की अर्धं राहिलेलं काम पुढे नेतो. सर्व्हर उठला की खिडकीत पुन्हा जीव येतो आणि फाइल साठवली जाते.

याला कंटाळून काहीजण माउंटच्या पर्यायांत सॉफ्ट लिहितात. मग थोडा वेळ वाट बघून क्लायंट एरर देऊन मोकळा होतो, पण त्यात अर्धवट लिहिलेली फाइल तशीच राहू शकते, आणि सगळेच प्रोग्रॅम ती एरर नीट सांगत नाहीत. फक्त वाचायच्या फोल्डरला सॉफ्ट एकवेळ चालेल. जिथे हिशेब लिहिता तिथे कधीच नाही.

सर्व्हर आज येणारच नसेल, तर

सुडो यूमाउंट -एल /एमएनटी/हापूस

याने फोल्डर सोडवून घेता येतो. न साठवलेलं मात्र जातं. या आज्ञेत यू नंतर थेट एम येतो, मधे एन नाही. नवशिक्यांची बोटं तिथे हमखास घसरतात.

यूपीएस घेणार असाल तर सर्व्हरबरोबर राउटरही त्यावर टाका, आणि शेडला जाताना मधे स्विच असेल तर तोही. सर्व्हर जिवंत आणि स्विच मेलेला असेल तर शेडच्या दृष्टीने सर्व्हर मेलेलाच.

अडलं तर

‘ॲक्सेस डिनाइड बाय सर्व्हर’ असं माउंट करतानाच आलं तर सर्व्हरने तुमचा पत्ता ओळखला नाही. राउटरने पत्ता बदलला असेल, किंवा एक्सपोर्ट्स बदलून एक्सपोर्टएफएस -आरए द्यायचं राहिलं असेल. माउंट झालं आणि फाइल उघडताना ‘परमिशन डिनाइड’ आलं तर तो क्रमांकांचा मामला; एलएस -एलएन. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ म्हणजे यंत्र आहे पण सेवा झोपली आहे, माजघरावर

सुडो सिस्टिमसीटीएल रीस्टार्ट एनएफएस-सर्व्हर

नुसतं बराच वेळ थांबून ‘टाइम्ड आउट’ आलं तर केबल किंवा फायरवॉल. समुद्राजवळच्या घरांत केबलच्या पिनांवर खाऱ्या हवेने गंज चढतो. नवीन टोक लावून बघा, पन्नास आज्ञा देण्यापेक्षा ते लवकर होतं.

‘स्टेल फाइल हँडल’ हा शब्दप्रयोग भीतीदायक वाटतो, पण अर्थ साधा. तुम्ही उघडलेला फोल्डर सर्व्हरवर कोणीतरी पुसून पुन्हा बनवला किंवा डिस्क बदलली. यूमाउंट करा, परत माउंट करा.

शोमाउंट -ई १९२.१६८.१.१० ही आज्ञा सर्व्हर काय वाटतोय ते क्लायंटवरून दाखवते. फायरवॉलमध्ये फक्त २०४९ उघडलं असेल तर ती अडते, कारण ती जुन्या आवृत्तीच्या सेवांना विचारते आणि त्यांना १११ वगैरे वेगळी पोर्टं लागतात. ती अडली म्हणून माउंट होणार नाही असं नाही. माउंट करूनच बघा.

फार सावकाश चालत असेल तर वेगाचा हिशेब करा. १०० मेगाबिटच्या जोडणीवरून सेकंदाला जेमतेम ११-१२ मेगाबाइट जातात. बागेच्या ड्रोन व्हिडिओची ४ गिगाबाइटची फाइल तिथे सहाएक मिनिटं घेते. गिगाबिटवर, डिस्कने साथ दिली तर, पाऊण मिनिटाच्या आत. राउटर गिगाबिटचा असूनही वेग शंभरवर अडकला असेल तर केबलच्या आठ तारांपैकी एखादी तुटलेली असते. शंभरला चारच तारा लागतात, म्हणून जोडणी चालू दिसते.

फोल्डर बाहेरच्या डिस्कवर असेल

पेनड्राइव्ह आणि बाहेरच्या डिस्क बहुधा एक्सफॅट स्वरूपात येतात. त्या स्वरूपात लिनक्सचे मालक-क्रमांक साठवताच येत नाहीत, त्यामुळे वरचं सगळं गणित फिसकटतं. वाटायची डिस्क ईएक्सटी४ स्वरूपात करून घ्या (आधी आतला माल दुसरीकडे काढून, फॉरमॅट केलं की सगळं जातं). डिस्क /एसआरव्ही/हापूस इथेच माउंट होत असेल तर एक्सपोर्ट्सच्या कंसात एमपी हा पर्यायही घाला. मग डिस्क जोडलेली नसताना सर्व्हर तो रिकामा फोल्डर वाटत बसत नाही.

एकच फाइल दोघांनी उघडली तर

लिबरऑफिस फाइल उघडताना शेजारी एक लपलेली कुलूप-फाइल ठेवतं, म्हणून दुसऱ्याने तीच यादी उघडली की ‘अमुक व्यक्ती वापरते आहे’ असं सांगतं आणि नुसती वाचायला देतं. ते ऐका. नोटपॅडसारखे साधे संपादक असं काही करत नाहीत. तिथे शेवटी साठवणाऱ्याचं राहतं, आधीच्याचं जातं. हिशेबाचा प्रोग्रॅम एसक्यूलाइटसारख्या फाइलीत माहिती ठेवत असेल तर ती फाइल या फोल्डरात ठेवूच नका, माजघराच्याच डिस्कवर पण न वाटलेल्या फोल्डरात असू द्या. अशा डेटाबेसला लागणारी कुलपं नेटवर्कवरून भरवशाने चालतीलच असं नसतं.

बाहेरून आणि पुरातून

एनएफएसची वाहतूक उघडी असते, कोणी मधे बसला तर वाचू शकतो. राउटरवर २०४९ पोर्ट बाहेरच्या जगाला कधीही उघडू नका. मुंबईतल्या मुलाला यादी बघायची असेल तर वायरगार्डसारखा व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवरून घरापर्यंतची बंदिस्त वाट, लावा आणि त्याला त्यातून आत घ्या.

आणि ही बॅकअपची सोय नव्हे. शेडमधून पुसलेली फाइल सगळीकडून पुसली जाते. रोज रात्री आरसिंकने दुसऱ्या डिस्कवर प्रत काढा:

आरसिंक -ए /एसआरव्ही/हापूस/ /मीडिया/बॅकअप/हापूस/

ती डिस्क वरच्या माळ्यावर, शक्य तर दुसऱ्या घरी. चिपळुणात जुलै २०२१ मध्ये वाशिष्ठीचं पाणी घराघरांत शिरलं तेव्हा टेबलाखालचे संगणक आणि शेजारच्या खणातल्या बॅकअपच्या डिस्क एकत्रच पाण्याखाली जाण्यासारखी परिस्थिती होती. पावसाळ्यात डिस्क हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा, नाहीतर ओल धरते.

घरात विंडोज असेल

विंडोजच्या होम आवृत्तीत एनएफएस वापरायची सोय नाही. त्यासाठी झगडू नका. माजघरावर सांबा, म्हणजे विंडोजला समजेल अशा रीतीने फोल्डर वाटणारा प्रोग्रॅम, टाका आणि तोच /एसआरव्ही/हापूस सांबाच्या सेटिंगमध्येही वाटा. लिनक्सवाले एनएफएसने येतील, विंडोजवाले सांबाने. सांबात त्या फोल्डरापुढे फोर्स यूजर हा पर्याय देऊन १००० क्रमांकाच्या वापरकर्त्याचं नाव लिहा, म्हणजे विंडोजवरून टाकलेल्या फाइलींचा मालकही तोच राहतो आणि शेडमधून त्या उघडतात.